एबीएस असूनही मागचे चाक घसरले : ही सोय म्हणावी की अडथळा?

रोजचा वाटसरू

नमस्कार. मी शिक्षक आहे आणि चिपळूणहून गुहागरच्या बाजूला रोज दुचाकीने जातो. बावीस वर्षे मी दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेली शंभर सीसीची गाडी चालवली. गेल्या दिवाळीत पहिल्यांदाच एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेली १६० सीसीची मोटरसायकल घेतली. "आता घसरण्याची चिंता सोडा," असे गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने सांगितले होते आणि ते वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतले असावे.

जुलै महिन्यात माझ्यावर दोन प्रसंग आले. पहिल्या वेळी चिखलणीचे दिवस होते. त्या काळात ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर शेतातून थेट डांबरावर येतात आणि त्यांच्या चाकांचा चिखल पावसाने रस्ताभर पसरतो. माझा वेग पन्नासच्या आसपास होता आणि वळण संपताच समोर एसटी उभी दिसली. मी सवयीने पायब्रेक दाबला, मागचे चाक जाम झाले, गाडीची शेपटी उजवीकडे गेली आणि मी डाव्या अंगावर पडलो. गुडघा आणि कोपर सोलवटले, एवढ्यावरच निभावले. दुसरा प्रसंग त्यानंतर आठ-दहा दिवसांनी घडला. साइडपट्टीचे काम चालू असल्याने डांबरावर बारीक खडी सांडली होती आणि समोर म्हशी आल्या. या वेळी मी आठवणीने पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर बोटांखाली थरथरू लागला, ब्रेक कोणीतरी सोडतो आहे असे वाटले आणि गाडी माझ्या अंदाजापेक्षा बरीच पुढे जाऊन कशीबशी थांबली.

म्हणजे एकदा एबीएसने काम केले नाही आणि एकदा केले तर ते माझ्या विरोधात गेले, अशी माझी समजूत झाली आहे. माझा भाचा म्हणतो, "मामा, फ्यूज काढून टाका, गाडी पूर्वीसारखी होईल." फ्यूज काढण्यापूर्वी जाणकारांना विचारावे, म्हणून हे लिहितो आहे. मोटरसायकलला या यंत्रणेचा खरोखर उपयोग आहे की ती चारचाकीतून उचलून आणलेली नसती भानगड आहे?

पाना दहा-बारा

सर, माझे कराडला गॅरेज आहे, त्यामुळे पुस्तकी उत्तर देण्याऐवजी आधी तुमच्या गाडीबद्दलच विचारतो. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक आहे का? तसे असेल तर तुमचे एबीएस एकाच चाकाचे, म्हणजे सिंगल चॅनल आहे आणि तो चॅनल पुढच्या चाकाचा आहे. ड्रम ब्रेक तारेने किंवा सळीने ओढला जातो. एबीएसला दाब कमी-जास्त करण्यासाठी ब्रेक ऑइलची नळी लागते. मागे डिस्क असली तरीही एबीएस दोन्ही चाकांचे असेलच असे नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आपल्याकडचा नियम असा आहे की १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून तो लागू झाला. मात्र या नियमात सिंगल चॅनलही चालते आणि गाडीवर मोठ्या अक्षरात नुसते 'एबीएस' लिहिलेले असते. त्यामुळे दोन्ही चाके सुरक्षित आहेत, असे घेणाऱ्याला वाटते. माझ्याकडे घसरून आलेल्या अशा गाड्यांचे मालक हेच म्हणतात की एबीएस लागले नाही. ते लागणारच नव्हते, कारण त्यांनी दाबला तो पायब्रेक.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रसंगात यंत्रणा नापास झाली नाही, तिला परीक्षेला बसवलेच नव्हते. दुसऱ्या प्रसंगाबद्दल खडीवर फिरणारी मंडळी जास्त नीट सांगतील.

फ्यूजबद्दल सांगायचे तर तो काढल्यावर साधा ब्रेक लागत राहतो, डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा कायम पेटलेला राहतो आणि काही गाड्यांत वेगाचा काटाही बंद पडतो. भाच्याला विचारा, की पुढचे चाक जाम झाल्यावर काय होते ते त्याने स्वतः अनुभवले आहे का. मागचे चाक जाम झाले तर गाडी शेपूट हलवते आणि सावरायला थोडी उसंत देते. पुढचे जाम झाले तर 'अरे' म्हणेपर्यंत माणूस खाली असतो.

जुना बुलेटवाला

ज्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आणि गियर उजव्या पायाला असे, ती मी तीस वर्षे चालवली आणि आजवर माझा ब्रेक मीच आहे. ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, हे हाताला शिकवले की कुठल्याही यंत्राची गरज पडत नाही. हल्लीची मुले यंत्रावर विसंबून वेग वाढवतात आणि मग यंत्राला दोष देतात. माझ्या मते या सोयीने माणसाची सवय बिघडते.

घर्षणगुणांक

मी ब्रेक यंत्रणेच्या चाचणीचे काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

रबराची पकड चाक मोकळे फिरत असताना सर्वाधिक नसते आणि ते पूर्ण जाम झाल्यावरही नसते. गाडीच्या वेगापेक्षा चाक साधारण दहा ते वीस टक्के हळू फिरत असते, त्या अवस्थेत पकड सर्वांत चांगली मिळते. चाक जाम झाले की ती घटते, ओल्या रस्त्यावर तर अधिकच घटते. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी, की पुढचे चाक फिरायचे थांबले की दुचाकीचा तोल व दिशा दोन्ही सांभाळता येत नाहीत. एबीएसमध्ये चाकाजवळ खाचा असलेली एक चकती आणि तिच्यासमोर सेन्सर असतो. चाकाचा वेग अवास्तव झपाट्याने कमी होऊ लागला, की आता ते जाम होणार हे संगणकाला समजते. मग झडपा ब्रेक ऑइलचा दाब आधी रोखून धरतात, गरज पडल्यास कमी करतात आणि चाक सावरले की पुन्हा वाढवतात. हे चक्र सेकंदाला अनेक वेळा घडते व तीच थरथर आपल्याला लिव्हरमध्ये जाणवते. यंत्रणा दाब स्वतःहून पूर्णपणे काढून घेत नाही. जेवढा रस्ता पेलेल तेवढाच ठेवते.

बुलेटवाले काका, आपण म्हणता ते कौशल्य खरे आहे आणि कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर कसलेला चालक एबीएसच्या बरोबरीने, क्वचित त्याच्या आधीही थांबू शकतो. पण त्याला थांबायचे कधी हे ठाऊक असते. कुत्रे आडवे आले की मेंदू कौशल्य विचारात घेत नाही, मुठी आपोआप आवळल्या जातात. शिवाय हाताने दाबून-सोडून थांबताना सोडलेल्या प्रत्येक क्षणी ब्रेक पूर्ण सुटलेला असतो, आणि हात सेकंदाला दोन-तीनदाच हे करू शकतो.

आता मुख्य मुद्दा, जो या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रेक मारताच गाडीचा भार पुढे सरकतो, मागचे चाक हलके होते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्याच चाकाला करावे लागते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यातच सुमारे १७ मीटर अंतर संपते. त्यानंतर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा चालक कोरड्या डांबरावर साधारण २० मीटरमध्ये थांबतो. केवळ मागचा ब्रेक वापरणाऱ्याला त्याच्या दुप्पट, म्हणजे ४० मीटरच्या आसपास लागतात. हे आणखी एका रीतीने पाहू. पहिला चालक ज्या ठिकाणी पूर्ण थांबला, तिथून दुसरा ताशी ४२ किलोमीटरच्या वेगाने पुढे जात असतो.

आपल्याकडे सायकल शिकतानाच "पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील" हे मुलांच्या कानी घातले जाते, आणि ड्रम ब्रेकच्या जुन्या गाड्यांनी ती सवय आयुष्यभर टिकवली. एबीएसची खरी देणगी अंतर कमी होणे ही नव्हे. पुढचा ब्रेक पूर्ण ताकदीने दाबण्याची मुभा मिळते, ती खरी देणगी. ज्याचा हात लिव्हरवर जातच नाही, त्याला या मुभेचा उपयोग शून्य. वाटसरू सरांचा पहिला अपघात मला याच जातीचा दिसतो.

आकडेवारी म्हणाल, तर अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटरसायकलींची तुलना केली. २०१३ च्या अभ्यासात एबीएस असलेल्या गाड्यांचे प्राणघातक अपघातांचे प्रमाण ३१ टक्के कमी आढळले आणि २०२१ च्या अभ्यासात २२ टक्के. मात्र तिथे अनेकांनी जादा पैसे देऊन एबीएस घेतलेले होते आणि जो माणूस ब्रेकसाठी जादा पैसे मोजतो तो मुळात सावध असण्याची शक्यता असते. शिवाय तिथल्या मोठ्या गाड्या आणि आपल्या दीडशे सीसीच्या गाड्या यांच्यात फरक आहे. म्हणून मी ते टक्के जसेच्या तसे इथे लावणार नाही, पण दिशा कोणती आहे ते त्यातून कळते. युरोपीय संघाने १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलसाठी २०१६ पासून आणि सर्व नव्या गाड्यांसाठी २०१७ पासून एबीएस सक्तीचे केले, ते उगाच नव्हे. भारतात रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार रस्त्यांवर मृत्यू पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते.

खडीवरचा माणूस

वरील प्रतिसाद डांबरी रस्त्यापुरता शंभर टक्के मान्य आहे. पण सरांचा दुसरा प्रसंग खडीवरचा आहे आणि तिथे एबीएसवाल्यांनी थोडे खाली उतरून बोलावे, अशी विनंती आहे. मी स्पीती आणि लडाखच्या कच्च्या रस्त्यांवर गेली अनेक वर्षे फिरतो. सैल खडी, वाळू किंवा भुसभुशीत माती असेल तर जाम झालेले चाक पृष्ठभागात रुतते, स्वतःसमोर खडीचा एक लहानसा ढीग लोटत नेते आणि त्या ढिगाऱ्यानेच गाडी अडते. एबीएस चाकाला जामच होऊ देत नसल्याने तो ढीग तयार होत नाही आणि थांबायचे अंतर वाढते. सरांना ब्रेक कोणीतरी सोडतो आहे असे वाटले, ते वाटणे खोटे नव्हते. खरखरीत, उखडलेल्या उतारावरही असेच होते. चाक खड्ड्यावरून क्षणभर उचलले गेले की हवेत ते लगेच अडते, यंत्रणेला वाटते घसरले, ती दाब कमी करते आणि चाक जमिनीला टेकते तेव्हा ब्रेक अर्धवट असतो. आपल्या गतिरोधकांवर, विशेषतः त्या लागोपाठच्या पट्ट्यांवर, ही गोष्ट शहरातही अनुभवता येते.

याच कारणाने रॉयल एनफिल्ड हिमालयनला २०२० पासून मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याचे बटण आले, केटीएम ३९० अॅडव्हेंचरमध्ये ऑफरोड मोड आहे आणि हिरोच्या एक्सपल्समध्येही पुढे निरनिराळे मोड आले. कच्च्या घाटात उतरताना मी मागचे एबीएस बंद करतो, कारण मागचे चाक मुद्दाम घसरवून गाडी वळवता येते. पुढचे मात्र डांबरावर बंद करण्याचा विचार मी स्वप्नातही करणार नाही, कच्च्यावरही क्वचितच.

म्हणून फ्यूज काढू नका. वर्षातून दहा वेळा भेटणाऱ्या खडीसाठी रोजच्या ओल्या डांबरावरचे संरक्षण टाकून देणे, हा सौदा आतबट्ट्याचा आहे. खडी दिसली की आधीच वेग कमी करावा, हाच त्यावर उपाय आहे आणि तो एबीएसच्या आधीही तोच होता.

उपनगरी स्कूटर

एक शंका. माझी ११० सीसीची स्कूटर आहे. तिच्यावर 'सीबीएस' असे लिहिलेले आहे आणि डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, असे सांगितले जाते. म्हणजे हेही एबीएसच आहे का? गेल्या महिन्यात पहिल्या पावसात झेब्रा पट्ट्यांवर ती सरळ आडवी झाली, म्हणून विचारते.

पाना दहा-बारा

नाही ताई, ते एबीएस नव्हे. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस चालते. त्यात डाव्या लिव्हरचा थोडा जोर पुढच्या ब्रेककडेही वळवलेला असतो, म्हणजे ज्यांना पुढचा ब्रेक वापरायची सवय नाही त्यांच्याकडूनही तो थोडाफार वापरला जातो. पण चाक जाम होऊ लागले तर ते सोडवणारे त्यात काहीही नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून जो चिकट थर होतो त्यावर, आणि रंगाच्या पट्ट्यांवर तर विशेष करून, ब्रेक हळू हळू वाढवत दाबावा लागतो. लहान गाड्यांत एबीएस बसतच नाही असे मात्र नाही. बजाजने २०२२ च्या अखेरीस प्लॅटिना ११० एबीएससह काढली होती. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये सर्वच नव्या दुचाकींना एबीएस लावण्याचा मसुदाही प्रसिद्ध केला होता.

जुना बुलेटवाला

सविस्तर उत्तराबद्दल घर्षणगुणांक यांचे आभार. मुठी आपोआप आवळल्या जातात, हे मला मान्य करावे लागेल. माझ्या दोन पडण्यांपैकी एक तसेच होते. पण एक प्रश्न राहतो. आमच्याकडे आंबोली घाटात मुले वळणात गाडी पूर्ण कलती करून ब्रेक मारतात आणि एबीएस आहे म्हणून निर्धास्त असतात. तिथे हे यंत्र काय करते?

घर्षणगुणांक

काका, हा प्रश्न विचारलात ते बरे झाले. टायरची पकड ही ठराविक रकमेसारखी असते. वळणात तिचा मोठा भाग गाडीला वळणावर धरून ठेवण्यात खर्च झालेला असतो आणि ब्रेकसाठी थोडाच उरतो. साध्या एबीएसला गाडी कलली आहे हेच ठाऊक नसते. ते फक्त चाकाचा वेग पाहते. त्यामुळे ते हस्तक्षेप करेपर्यंत टायर आडवा सरकू लागलेला असू शकतो. शिवाय वळणात अचानक पुढचा ब्रेक मारला की गाडी उभी राहू पाहते आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे घाटात समोरून येणाऱ्या ट्रककडे नाहीतर दरीकडे निघते. कल मोजून दाब ठरवणारे एबीएस केटीएमने २०१४ च्या ११९० अॅडव्हेंचरवर बॉशबरोबर आणले आणि आता आपल्याकडच्या ३९० सीसीच्या गाड्यांपर्यंत ते पोचले आहे, पण दीडशे-दोनशे सीसीच्या नेहमीच्या गाड्यांत ते नसते. तेव्हा आंबोलीतल्या मुलांना तुम्ही दोन शब्द सुनवा. त्यांनी ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना मारायला हवा.

जाता जाता एक गंमत सांगतो. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने के १०० या मोटरसायकलवर पहिल्यांदा एबीएस दिले, तेव्हा त्या यंत्रणेचे वजन सुमारे ११ किलो होते. आज तोच कारभार एका किलोच्या आत बसतो, म्हणून तर तो ११० सीसीच्या गाडीवर लावण्याची भाषा आपण करू शकतो.

रोजचा वाटसरू

सर्वांचा ऋणी आहे. गाडीची पुस्तिका काढून पाहिली. मागे ड्रम आहे आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाचे आहे. दहा महिने गाडी वापरून मला हे ठाऊक नव्हते, ही लाज माझी.

पाऊस उघडलेल्या रविवारी सकाळी शाळेमागच्या नव्या, निर्मनुष्य डांबरी रस्त्यावर हेल्मेट, हातमोजे घालून मी सराव केला. ताशी ४० च्या वेगाने येऊन खुणेच्या दगडापाशी ब्रेक मारायचा आणि थांबल्यावर पावले मोजायची, असा साधा प्रकार ठेवला. केवळ पायब्रेकने सरासरी चोवीस पावले लागली. दोन्ही ब्रेक मारून पहिल्या खेपांना एकोणीस-वीस लागली, कारण हात घाबरून अर्ध्यावरच थांबत होता. दहा-बारा खेपांनंतर लिव्हर थरथरेपर्यंत दाबण्याचे धैर्य आले आणि अंतर तेरा पावलांवर आले. ती थरथर सुरू झाली की लिव्हर सोडून द्यावासा वाटतो, हे मात्र नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे. मी पहिल्या तीन वेळा सोडलाच.

पाना दहा-बारा

सर, उत्तम केलेत. दोन किरकोळ गोष्टी सांगतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायला विसरू नका, आणि पुढचे चाक पंक्चरसाठी उघडले तर त्या खाचांच्या चकतीला आणि सेन्सरला ठोकर लागणार नाही याकडे स्वतः उभे राहून लक्ष ठेवा. माझ्याकडे एबीएसचा दिवा पेटला म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांत चकती वाकलेली नाहीतर सेन्सरवर चिखल बसलेला असतो. आणि टायर गोटा झालेला असेल तर एबीएस काय, कोणीच वाचवणार नाही. जेवढी पकड रबरात आहे तेवढीच ते वापरू शकते.

मागचे चाक पुन्हा कधी जाम झालेच, तर एक लक्षात ठेवा. गाडी सरळ रेषेत असेल तर पाय हलका करा, पण शेपूट बरीच बाजूला गेली असेल तर पायब्रेक एकदम सोडू नका. चाकाला अचानक पकड मिळाली की गाडी झटक्याने सरळ होते आणि चालकाला वर उडवते.

रोजचा वाटसरू

हे शेवटचे मला अगदी नवे होते, टिपून ठेवले आहे. काल शृंगारतळीच्या अलीकडे एक कोंबडी आडवी आली. पाय अजूनही हाताच्या आधी जातो, पण हात या वेळी मागोमाग पोचला आणि गाडी सरळ थांबली. फ्यूज जागेवरच आहे. भाच्याला येत्या रविवारी त्याची गाडी घेऊन शाळेमागे बोलावले आहे. पावले मोजायला मी दगडापाशी उभा राहणार आहे.